सील कंपनीचं की दुकानातलं? माझा अनुभव

माझे मामा मालवाहू जहाजावर फिटर होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून पुढे बरीच वर्षं त्यांचं जहाज अमेरिकेतल्या बंदरांना लागायचं, आणि रजेवर गुहागरला येताना ते मुलासाठी तिथले व्हिडिओ गेम आणायचे. त्यातला एकही गेम इथे चालला नाही. आपल्याकडे तेव्हा टीव्हीला जोडायचे ते निन्टेन्डोच्या नकलेचे सेट. त्यांच्या कॅसेटा जपानी घडणीच्या, ६० पिनांच्या. अमेरिकन कॅसेट ७२ पिनांची आणि अंगाने मोठी, ती खाचेत शिरायचीच नाही. पुढे मामेभावाने मुंबईहून प्लेस्टेशन आणला, तर तो पाल पद्धतीचा, म्हणजे आपल्याकडच्या आणि युरोपातल्या टीव्हीसाठीचा. अमेरिकन डिस्क त्याने घेतली नाही. मग मामीने न फोडलेली सगळी खोकी होती तशी पत्र्याच्या पेटीत घातली आणि पेटी माळ्यावर गेली.

घराची कौलं उतरवायची वेळ आली तेव्हा ती पेटी खाली आली. मामेभाऊ आता पुण्यात असतो. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ या गेमची एक सीलबंद, म्हणजे कारखान्यातल्या पारदर्शक फिल्ममध्ये तशीच राहिलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, ती बातमी त्याच्या लक्षात होती. तो आकडा अगदी निष्कलंक प्रतीचा होता, आपल्या पेटीतल्या मालाला तो लावू नकोस, हे मी त्याला आधीच सांगितलं. पण साध्या सीलबंद प्रतीलाही उघड्या प्रतीच्या कितीतरी पट पैसे मिळतात हे खरं आहे, आणि म्हणूनच जुन्या खोक्यावर नवी फिल्म चढवून विकणारेही निघाले आहेत. मी रत्नागिरीत जुने कन्सोल दुरुस्त करतो, त्यामुळे पारख करायचं काम माझ्याकडे आलं. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरलो आणि गुहागर गाठलं.

मामांना सुरुवातीला हे सगळं पटेना. “अरे, मी स्वतः दुकानातून पैसे मोजून घेतलेत. खोटे कसे असतील?”

मामांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास होता. पण त्या काळात तिथल्या बऱ्याच दुकानांत फिल्म चढवायचं छोटं यंत्र असे. गिऱ्हाइकाने परत केलेला गेम पुसायचा, यंत्रातून काढायचा आणि पुन्हा फळीवर मांडायचा. त्यात फसवणुकीचा हेतू असेलच असं नाही, धूळ बसू नये म्हणूनही करत. म्हणजे गिऱ्हाईक सच्चं, दुकानदार सच्चा, आणि तरीही सील कंपनीचं नाही, असं होऊ शकतं. हे समजावल्यावर मामा चष्मा लावून माझ्या शेजारी बसले.

सील तपासताना लोक आधी सांधा, म्हणजे फिल्म जिथे जोडलेली असते ती रेघ, बघतात. मी आधी क्रम बघतो. कारखान्यात खोकं भरून झालं की सर्वांत शेवटी फिल्म चढते. त्यामुळे खोक्याने पुढे जे जे सोसलं, त्याची खूण फिल्मवर हवी. दुकानाचं लेबल, धक्का, चरा, सगळं. यातली एखादी खूण फिल्मच्या खाली सापडली आणि वरची फिल्म धडधाकट असली, तर ती फिल्म मागाहून आली आहे.

पेटीतलं पहिलं खोकं निन्टेन्डोच्या एनईएसचं, म्हणजे त्या ७२ पिनांच्या कॅसेटांच्या अमेरिकन कन्सोलचं होतं, निन्टेन्डोने स्वतःच काढलेल्या गेमचं. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं भिंग मी बरोबर नेलं होतं आणि मोबाइलची टॉर्च अगदी आडवी धरली. पाठीवर मधून गेलेला एक सांधा आणि त्याच्या दोन्ही टोकांना कडेचे दोन सांधे, मिळून इंग्रजी एच. त्या काळातल्या निन्टेन्डोच्या अमेरिकन खोक्यांची ही ओळखीची घडण आहे. पण मला त्याहून एक कोपरा आवडला. खालचा उजवा कोपरा चेपलेला होता, आणि बरोबर त्याच जागी फिल्मला बारीक सुरकुत्या पडून एक केसाएवढी चीर गेली होती. पुठ्ठ्याने आणि फिल्मने तो धक्का एकदमच खाल्ला होता. किमतीचं लेबल फिल्मच्या वर, आणि त्याच्या डिंकाच्या कडेला काळी धूळ घट्ट बसलेली. फिल्मच्या आत वरच्या झाकणाच्या घडीवर पांढरी रेघ नाही. खोकं एकदा जरी उघडलं तरी त्या घडीवरची छपाई तडकते आणि आतला पांढरा पुठ्ठा डोकावतो. इथे शाई सलग होती. हे खोकं मी निःशंक मनाने बाजूला ठेवलं.

इथे एक सांगायला हवं. अमेरिकेत एनईएस १९८५ साली आला तेव्हाच्या अगदी पहिल्या खोक्यांवर फिल्म नव्हतीच. झाकणावर फक्त निन्टेन्डोचं गोल स्टिकर असे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची तशी एक स्टिकरबंद प्रत २०१९ मध्ये एक लाख डॉलरच्या वर गेली. तेव्हा त्या पहिल्या मालाचं खोकं कुणी सुंदर फिल्ममध्ये गुंडाळून दाखवलं, तर ती फिल्मच शंकेचं कारण आहे.

प्लेस्टेशनच्या डिस्कांचं गणित वेगळं. त्यांची फिल्म गरम हवेने आक्रसवलेली नसते, ती घडी घालून चिकटवलेली असते, सिगारेटच्या पाकिटावर असते तशी. वरच्या आणि खालच्या कडेला फिल्मची टोकं आत दुमडून त्रिकोण होतात आणि त्यांचा इंग्रजी वाय दिसतो. यंत्राची घडी असल्यामुळे दोन्ही कडांचे त्रिकोण सारखे असतात आणि उष्णतेचा ठसा एकसारखा उमटतो. पुढे प्लेस्टेशन २च्या डीव्हीडीसारख्या डब्यांवरही हीच घडी आली. मामांच्या पेटीतल्या डिस्कांपैकी बहुतेकांवर हा वाय स्वच्छ होता, आणि घडीच्या पदरांत बारीक धुळीची रेघ जाऊन बसली होती.

एकावर मात्र वाय नव्हता. तीन कडांना दोऱ्याइतकी जाड, वितळलेली सरळ रेघ, चौथी कड बिनसांध्याची, आणि कोपऱ्यांना फिल्मचे बारीक कान. आतल्या डब्याची बिजागरी तडकलेली, पण तिच्यावरची फिल्म गुळगुळीत, सुरकुतीसुद्धा नाही. शिवाय पुढच्या बाजूला फिल्मच्या खाली डिंकाचा एक चौकोनी डाग. तिथे कधीतरी लेबल होतं आणि ते काढल्यावर फिल्म चढली होती.

माझी खात्री झाली होती, पण मामांची व्हायला हवी होती. माझ्या एका मित्राचा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंबापोळी आणि फणसपोळी पॅक करायचा छोटा कारखाना आहे. मामांना घेऊन तिथे गेलो. माझ्याकडचा सीडीचा एक रिकामा डबा मित्राने दुहेरी फिल्मच्या रोलमध्ये सरकवला आणि एल आकाराची दांडी दाबली. तिच्यातली गरम तार एका दमात दोन कडा चिकटवते आणि कापते. आधीची कड मागच्या डब्याच्या वेळीच चिकटलेली असते, आणि चौथ्या बाजूला मुळातच फिल्मची घडी. मग डबा पट्ट्यावरून गरम हवेच्या बोगद्यात गेला आणि फिल्म आक्रसून बाहेर आला. तीन कडांना दोऱ्याइतकी रेघ, चौथी कड कोरी, कोपऱ्यांना कान. फिल्मला हवा निघायला सुईने टोचल्यासारखी भोकं असतात, तीही ताणून गोल झाली होती. मामांनी पेटीतला तो डबा आणि हा डबा टॉर्चखाली शेजारी शेजारी धरले आणि बराच वेळ फिरवून पाहिले. त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही.

मित्राच्या माणसांकडून आम्ही हाताने वायची घडीही घालून पाहिली. जमते, हे मुद्दाम लिहितो. लांबून बघणाऱ्याला ती फसवेल. पण वरचा त्रिकोण आणि खालचा त्रिकोण जुळले नाहीत, आणि गरम पट्टी जिथे जास्त टेकली तिथे फिल्म दुधाळ झाली. फोटोवरून माल घेणाऱ्याने पुढची बाजू बघून समाधान मानू नये. वरची कड, खालची कड आणि पाठ यांचे जवळून काढलेले फोटो मागावेत. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडावा.

घरी आल्यावर मामांनी स्वतः ब्लेड घेऊन तो डबा उघडला. त्या फिल्मला तशी काही किंमत नव्हतीच. डिस्कच्या काळ्या पाठीवर गोल चरे होते, एका जागी अंगठ्याचा ठसा, आणि माहितीपुस्तिकेचा कोपरा दुमडलेला. मामा म्हणाले, “तरीच त्या दुकानदाराने भाव न करता पैसे कमी केले होते.”

आपल्याकडे विकल्या गेलेल्या गेमना आणखी एक आधार आहे, आणि परदेशी संग्राहकांच्या बोलण्यात तो येत नाही. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी असणं कायद्याने बंधनकारक आहे. आधी १९७७चे नियम होते, आता २०११चे आहेत. परदेशात सील झालेल्या डब्यावर ते लेबल इथे लागतं, म्हणजे ते फिल्मच्या वरच हवं. आयातदाराचं चिकटवलेलं लेबल फिल्मच्या खाली दिसलं तर मी तो डबा सीलबंद म्हणून घेणार नाही. एमआरपी मूळ कव्हरवरच छापलेली असेल तर गोष्ट वेगळी. हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा प्लेस्टेशन २चा गेम २००९ साली आला. असे आपल्याकडचे गेम जमवणाऱ्यांनी लेबल आणि फिल्म यांचा क्रम नक्की बघावा.

कोकणातल्या मालाबद्दलही थोडं. आपल्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरून फुगतो, फिल्म ताणली जाते, आणि ऑक्टोबरात पुठ्ठा सुकला की फिल्म सैल राहते. म्हणून नुसती सैल फिल्म बघून इथलं खोकं बाद करू नये. उलट तीस पावसाळे माळ्यावर काढले म्हणणाऱ्याचं खोकं फिल्मच्या आतून-बाहेरून नवंकोरं दिसत असेल तर चार प्रश्न जास्त विचारावेत. मामीने पेटीत डांबरगोळ्या टाकल्या होत्या, त्या मी लगेच काढल्या. सीडीचा कडक पारदर्शक डबा पॉलिस्टायरीनचा असतो आणि डांबरगोळ्यांच्या वाफेने तो मऊ पडतो, चिकट होतो. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या घालून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात खोकी उभी ठेवली.

अमेरिकेत वाटा, व्हीजीए, सीजीसी अशा संस्था सीलबंद गेम तपासून, दर्जा देऊन, पारदर्शक पेटीत बंद करून देतात. वाटाच्या पद्धतीत खोक्याला दहापैकी गुण आणि सीलला वेगळं अक्षर मिळतं. तिथवर पाठवायचं म्हणजे कुरियर, विमा, कस्टम. आमच्या मालाला तो खर्च परवडण्यासारखा नव्हता, म्हणून मुंबईतल्या एका संग्राहकाला घरीच बोलावलं. त्याने आल्या आल्या फिल्मला हात लावला नाही, आधी कडा बघितल्या. तेवढ्यावरून मला माणूस कळला. वायवाले डबे आणि एचवालं खोकं त्याने सीलबंद म्हणून घेतलं, उघडलेली डिस्क वापरलेल्या मालाच्या भावाने घेतली, आणि पावतीवर प्रत्येकाची तशी नोंद मी करवून घेतली.

एक खोकं मात्र विकलं नाही. तेही एनईएसचं, पण दुसऱ्या प्रकाशकाचं. त्यावर एच नाही, सांधा तळाशी आहे. दुसऱ्या प्रकाशकांच्या काही खोक्यांवर एच नसतो, त्यामुळे एवढ्यावरून ते खोटं म्हणता येत नाही. फिल्मच्या खाली शंका घ्यावी असं काही दिसत नाही, आणि वर खात्री द्यावी असंही काही नाही. संग्राहक अर्ध्या भावात घ्यायला तयार होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला नाही म्हणाले. ते खोकं सध्या माझ्याकडे आहे. त्याच प्रकाशकाचं, त्याच सुमाराचं, खात्रीचं सीलबंद खोकं कुणाकडे असेल, तर त्याच्या तळाचा सांधा मला जवळून बघायचा आहे.