३३ पानांचे पत्र आणि माझे एक पान

माझ्या ऑटिस्टिक मुलाच्या शाळेतून आलेल्या चिठ्ठीत एकच वाक्य होते : मुलगा न सांगता वर्गातून पळतो, कृपया समज द्यावी. ती समज आधी मला यायला हवी होती, म्हणून मी एक जुनी वही काढली आणि तो पळण्याआधी काय घडते एवढेच रोज टिपू लागले. वेळ, जागा, आवाज, आदल्या रात्रीची झोप, शेजारी कोण बसले होते, अशा नोंदी. वर्गातले तपशील शिक्षिका सांगत असत. तीन आठवड्यांनी दिसले की पळण्याची वेळ जवळजवळ ठरलेली आहे : मधल्या सुट्टीच्या घंटेच्या थोडे आधी.

मग एक दिवस परवानगी घेऊन मी वर्गाबाहेर बसले. ती घंटा ध्वनिक्षेपकावर वाजते, आणि ध्वनिक्षेपक सुरू केला की घंटेआधी काही क्षण एक बारीक खरखर होते, जी मला कान देऊनही जेमतेम ऐकू आली. आत माझ्या ९ वर्षांच्या लेकाने पेन्सिल खाली ठेवली, खांदे कानांपर्यंत उचलले आणि दाराकडे धाव घेतली. घंटा वाजायच्या आत त्याला तिच्या टप्प्याबाहेर जायचे होते.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात आणि मूळ ग्रीक शब्दातही 'स्व'च आहे, पण मला हा शब्द कधीच पटलेला नाही. ज्या मुलाला शेजारच्या खोलीतल्या पंख्याची घरघर सोसत नाही, ते स्वतःत मग्न कसे? आवाज, प्रकाश, स्पर्श यांची ही अतितीव्र किंवा अतिमंद जाणीव निदानाच्या निकषांत स्पष्टपणे नोंदली जाण्यासाठी २०१३ साल आणि डीएसएमची, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मार्गदर्शक ग्रंथाची, पाचवी आवृत्ती यावी लागली. घरोघरचे पालक ते त्याआधीपासून पाहत होते.

पालकांनी पाहिलेल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न या क्षेत्राइतकाच जुना आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलाने आपला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट याला बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्याकडे नेण्यापूर्वी त्यांना ३३ पानांचे टंकलिखित पत्र पाठवले. कॅनर यांच्या १९४३ च्या, ११ मुलांविषयीच्या प्रसिद्ध निबंधातील पहिला मुलगा हाच, आणि त्याच्याविषयीच्या माहितीचा मोठा भाग त्या पत्रातूनच आलेला. गंमत अशी, की त्याच निबंधात पालकांच्या अशा तपशीलवार नोंदी त्यांच्या झपाटलेपणाचे लक्षण मानल्या गेल्या. पुढे तर आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही समजूत रुजली आणि ती उखडण्यासाठी १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाला पुस्तक लिहावे लागले. तेही एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. 'तुम्ही जरा जास्तच बारकाईने बघता' असे कोणी म्हणाले, की मला ते ३३ पानांचे पत्र आठवते आणि मी वहीत आणखी एक ओळ लिहिते.

मात्र ३५ मुले सांभाळणाऱ्या शिक्षिकेला ३३ पाने देण्यात अर्थ नव्हता. मी एक पान केले. खरखरीविषयी दोन वाक्ये, आणि तीन मागण्या : पाच मिनिटे आधी सूचना, कानांवर आवाज रोखणारे हेडफोन, आणि घंटेपूर्वी हजेरीपत्रक कार्यालयात नेऊन देण्याचे काम त्याच्याकडे. तिसरी मागणी अडली. एकाला सूट दिली की सगळे मागतील, हे उत्तर मला अपेक्षित होते, त्यामुळे तत्त्वाच्या वादात न शिरता मी दोन आठवडे करून पाहू असे म्हटले, तारीख ठरवून घेतली आणि बैठकीत जे ठरले ते त्याच संध्याकाळी लिहून कळवले. तोंडी कबुली माणूस बदलला की विरते. त्या दोन आठवड्यांत तो एकदाच पळाला, तोही बदली शिक्षक आले होते आणि त्यांना यातले काही ठाऊक नव्हते त्या दिवशी. तेव्हापासून ते पान हजेरीपत्रकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेले असते.

पानाच्या मागे त्याचा छोटा शब्दकोश आहे. ऐकलेली वाक्ये तो जशीच्या तशी पुन्हा म्हणतो, आणि अनेकांना ती निरर्थक बडबड वाटते. परंतु 'जरासंच टोचेल हं' हे लस टोचणाऱ्या परिचारिकेचे वाक्य तो पोटात दुखताना म्हणतो. हे ठाऊक नसेल तर दुखणाऱ्या मुलाला 'गप्प बस' असे सांगितले जाते. एकदा तसे झालेही.

आता माझी चूक. हे सगळे मी त्याच्या वतीने लिहिले, त्याला न दाखवता. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील सातवे कलम सांगते की मुलाला स्वतःशी संबंधित गोष्टींत आपले मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी लागणारे साहाय्यही मिळाले पाहिजे. हे कलम मी शाळेत दोनदा वाचून दाखवले होते. घरी मात्र पान त्याच्यासमोर ठेवायला मला वर्ष लागले.

त्याने ते सावकाश वाचले. 'त्याला चित्रकला आवडते' या ओळीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि म्हणाला, 'चित्र नाही. खडू.' खरेच होते. तो खडू रंगांच्या क्रमाने लावतो, कागदाला हातही लावत नाही. मग त्याने शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. फार घाबरला तर कधीकधी त्याचे कपडे ओले होतात, असे मी तिथे लिहिले होते. शिक्षिकेला कल्पना असावी म्हणून, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर शाळेला थोडी दया यावी म्हणूनही. हजेरीपत्रक रोज वर्गभर फिरते आणि त्याच्या वयाच्या सगळ्या मुलांना वाचता येते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी ती ओळ खोडेपर्यंत त्याने बोट उचलले नाही.