शिशाच्या डबीतली गोळी

शाळेत वीस वर्षं मी फळ्यावर किरणोत्साराची तीच आकृती काढत आले: शिशाचा ठोकळा, विद्युतभारित दोन पट्ट्या, एकीकडे जरासा वळलेला अल्फा, दुसरीकडे चांगलाच वळलेला बीटा आणि नाकासमोर जाणारा गॅमा. थायरॉइडचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, "आता आयोडीन-१३१ देऊ, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन." आकृती माझ्याच गळ्यात पडली.

गोळीपेक्षा आधीचे दिवस वाईट. थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी आयोडीनला हपापलेल्या हव्यात, म्हणून थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची रोजची गोळी, महिनाभर बंद. चेहरा सुजला, भर मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायचे. त्यात दोन आठवडे नेहमीचं मीठ नाही, अंडं नाही, दूध-दही नाही. मासेही बंद म्हटल्यावर मात्र सासूबाईंना आजाराचं गांभीर्य पटलं.

गोळी शिशाच्या जाड डबीतून आली. १०० मिलिक्युरी, म्हणजे सेकंदाला ३७० कोटी अणुकेंद्रकांचा ऱ्हास. चव काहीच नाही. मी गिळली आणि देणारे फिजिसिस्ट दारापर्यंत मागे सरकले.

मग खोलीत मी एकटी. केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, आयोडीनचा झेनॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. हाच बीटा. पेशींमधून तो फार तर दोनेक मिलिमीटर जातो आणि तेवढ्यातच सगळी ऊर्जा ओतून थांबतो. औषध म्हणतात ते एवढंच. मला घरच्यांपासून तोडलं ते त्याच्या मागोमाग निघणाऱ्या गॅमाने. तो शरीराबाहेर येतो. पण राग तरी कसा धरणार? आयोडीन कुठे जाऊन बसलंय, हे पुढच्या आठवड्यात स्कॅनमध्ये त्याच्यामुळेच दिसलं.

बीटा आणि गॅमाखेरीज बाहेर पडणारा तिसरा माझ्या आकृतीत कधीच नव्हता. बीटाच्या ऊर्जेचा हिशेब जुळेना, म्हणून १९३० मध्ये पाउली या भौतिकशास्त्रज्ञाने न दिसणारा एक कण गृहीत धरला. आज त्याला प्रतिन्यूट्रिनो म्हणतात. रात्री झोप येईना, तेव्हा वाटायचं, हे अब्जावधी कण आत्ता माझ्यातून निघून भिंत, मुंबई, अख्खी पृथ्वी पार करून चाललेत, आणि मला दरवाजा ओलांडायची परवानगी नाही.

बाकी कामं साधी: भरपूर पाणी, लाळग्रंथींसाठी लिंबाच्या गोळ्या, फ्लश दोनदा. ते पाणीही लगेच गटारात सोडत नाहीत, किरणोत्सार ओसरेपर्यंत टाकीत साठवतात. तिसऱ्या दिवशी मीटरने मोजून मला घरी सोडलं, वेगळी खोली आणि वेगळं ताट या अटीवर.

सात वर्षांची लेक उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारायची, किती दिवस? मी अर्धायुकाल समजावला: आठ दिवसांत अर्धं होतं. खरं तर बरंचसं आधीच लघवीवाटे गेलेलं असतं, पण तिला एवढं पुरे म्हटलं.

तिने जरा विचार केला. "मग आठव्या दिवशी मी अर्ध्या खोलीपर्यंत येऊ?"