मेणाचे दोन ब्लॉक

मावशीच्या स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये खाली तीन ओळी होत्या: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू २+. पहिल्या दोन ओळी पेशींतल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या रिसेप्टरच्या; त्यांप्रमाणे गाठ हार्मोनच्या आधाराने वाढणारी नव्हती, म्हणजे हार्मोनविरोधी गोळ्यांचा उपयोग नव्हता. तिसरी हर-टू या गाठ वाढवणाऱ्या प्रथिनाची; तिच्यातून धड हो कळत नव्हते, धड नाहीही नाही, आणि त्यासाठी फिश ही जनुकाची तपासणी लागणार होती. केमोची तारीख ठरवण्याआधी ऑन्कोलॉजिस्टनी ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून परत आणून फक्त स्तनाच्या पॅथॉलॉजीचे काम करणाऱ्या एका बाईंना दाखवायला सांगितले.

तोवर बायोप्सी म्हणजे एक कागद, अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात हातात आले ते प्लास्टिकच्या चौकटीवर मेणात बसवलेले, नखाएवढे दोन फिकट तुकडे.

बाईंनी कर्करोगाच्या पेशींआधी शेजारच्या निरोगी दुग्धनलिका पाहिल्या. "यांतल्या काही पेशी तरी ईआरच्या तपासणीत तपकिरी दिसायलाच हव्यात. इथे त्याही कोऱ्या आहेत, मग गाठीच्या निगेटिव्हवर विश्वास कसा ठेवायचा?" असे म्हणून त्यांनी मला विचारले, की गाठ फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, कधी आणि कशी ठेवली होती.

उत्तर माझ्यापाशीच होते. शनिवारी दुपारी काढलेली चार सेंटिमीटरची गाठ एका छोट्या रुग्णालयात अखंडच, चिंचोळ्या तोंडाच्या बरणीत, ती जेमतेम बुडेल एवढ्या फॉर्मलिनमध्ये घालून माझ्याकडे देण्यात आली होती आणि लॅब सोमवारी उघडेपर्यंत ती बरणी आमच्या घरी फडताळात होती. फॉर्मलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर या गतीने शिरते. म्हणून गाठ तासाभराच्या आत कापून भरपूर फॉर्मलिनमध्ये ठेवायची आणि ६ ते ७२ तास मुरू द्यायची, असा नियम आहे. आमच्या गाठीच्या मधल्या भागापर्यंत ते पोहोचेतो तिथली प्रथिने खराब होऊ लागली असणार, आणि तपासणी नेमकी मधल्या भागाच्या ब्लॉकवर झाली होती.

दुसरा ब्लॉक गाठीच्या कडेचा होता. त्यावर तपासणी पुन्हा केली, तेव्हा निरोगी नलिकांनी रंग धरला आणि गाठीच्या बहुतेक पेशींनीही. ईआर पॉझिटिव्ह ठरायला एक टक्का पेशीही पुरतात. फिश निगेटिव्ह आली, त्यामुळे ट्रास्टुझुमॅब या हर-टूविरोधी औषधाचा प्रश्न मिटला. ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याची श्रेणी, तीनची दोन झाली. उपचारांचा आराखडा नव्याने आखला गेला आणि त्यात लेट्रोझोल या हार्मोनविरोधी औषधाची रोजची एक गोळी आली, जी पहिल्या रिपोर्टवर विसंबलो असतो तर मावशीला कधीच मिळाली नसती.

पहिल्या लॅबवर माझा फारसा राग नाही. सकाळी अपेंडिक्स, दुपारी थायरॉइड आणि संध्याकाळी स्तनाची गाठ पाहणाऱ्या माणसाची नजर कोऱ्या नलिकांवरून घसरू शकते. राग आहे तो बरणी हातात देताना कोणी एक शब्दही बोलले नाही याचा.

ब्लॉक आता मावशीच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी आहेत. उन्हाळ्यात मेण वितळेल या भीतीने ती अधूनमधून ते काढून बघते.