सशाला लंघन चालत नाही

पोट बिघडलं की एक दिवस काही खाऊ नये, हे आपल्या घरांत कुणी शिकवावं लागत नाही. ‘लंघनं परमौषधम्’ एवढं संस्कृत तर शाळेत संस्कृत न घेतलेल्यांनाही येतं. दिवसभर ताकावर राहायचं, रात्री मऊ भात, आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा मिसळ खायला मोकळा. त्यामुळे पाळलेला ससा एक वेळ जेवला नाही, की घरातला सगळ्यांत समंजस माणूस म्हणतो, ‘राहू दे, भूक लागली की खाईल आपोआप.’ सशाच्या बाबतीत इतकं महागात पडणारं दुसरं वाक्य नाही. खाणं थांबलं की सशाची भूक वाढत नाही, मरते.

याचं कारण त्याच्या आतड्यात आहे. ससा दिवसातून दोनदा जेवणारा प्राणी नव्हे. तो जागा असतो तेवढा वेळ थोडंथोडं चघळत असतो. गवताचे लांब, चिवट तंतू आतड्याला सतत चालतं ठेवतात. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी मग एक निवड होते. जाड तंतू पुढे ढकलले जाऊन त्यांच्या कोरड्या लेंड्या होतात, आणि बारीक भाग मागे, उंडुकात, म्हणजे सीकममध्ये जातो. सशाच्या पचनमार्गात जेवढा ऐवज असतो त्यातला चाळीसएक टक्के या एका पिशवीत असतो, आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून तयार होणारे मऊ, चकचकीत काळे घोस ससा गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट खातो. ही त्याची घाण सवय नाही, त्याचं दुसरं जेवण आहे. बाहेर चुकून पडलेला असा घोस पाहून ‘जुलाब झाले’ म्हणून औषध आणायला धावणारे पुष्कळ आहेत.

ही साखळी खाणं थांबल्यावर तुटते. आतडं मंदावतं, जठरातल्या अन्नातलं पाणी शोषलं जाऊन ते घट्ट होतं, उंडुकातल्या जिवाणूंचा तोल जाऊन वायू धरतो. वायूने पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. त्याला उलटीही करता येत नाही; जठराचं तोंड तशा रचनेचंच नाही. शिवाय उपाशी शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवू लागतं, आणि गुबगुबीत सशाचं यकृत त्या ओझ्याखाली फार लवकर बसतं. लाडाने जाड केलेला ससा उपासाला सगळ्यांत कच्चा असतो.

पूर्वी या सगळ्याचं खापर ‘केसांच्या गोळ्या’वर फोडलं जायचं, आणि अननसाचा रस पाजला जायचा. अजूनही पाजतात. केस तर निरोगी सशाच्या जठरातही असतात, कारण तो दिवसभर अंग चाटतो. आतडं चालू असलं की ते लेंडीबरोबर निघून जातात; आतडं थांबून आतला ऐवज सुकला की त्याचा गोळा होतो. अननसाने केस विरघळत नाहीत, रसातली साखर मात्र उंडुकातल्या नको त्या जिवाणूंना मिळते.

बारा तास काहीच खाल्लं नाही, की डॉक्टरांकडे न्यायचंच, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. घोळ होतो तो मोजायला सुरुवात कुठून करायची यात. ससा पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत तरतरीत असतो. सकाळी वाटी भरायला गेलेल्या माणसाला रात्रीचं गवत तसंच दिसतं, आणि तो तिथून तास मोजू लागतो. खरं तर बारा तास तेव्हाच संपलेले असतात.

म्हणून सशाचं घड्याळ म्हणजे त्याच्या लेंड्या. निरोगी सशाच्या दिवसाला शेकड्यांनी पडतात: वाटाण्याएवढ्या, गोल, साधारण एकसारख्या, आणि बोटांत चुरडल्या तर आत वाळक्या गवताचा भुसा. (हात नंतर धुवावेत, पण चुरडून बघावंच.) बिघाडाची पहिली खूण इथे दिसते, जेवण पुरतं थांबण्याच्याही आधी. लेंड्या लहान होतात, काळपट आणि टणक होतात, वेड्यावाकड्या होतात. केस गळतीच्या दिवसांत केसाने एकमेकींना ओवलेल्या निघतात. मग चिकट आवासह दोनचार, आणि मग काहीच नाही. ट्रे रोज ठरावीक वेळी रिकामा केला तरच हे कळतं. तीन दिवसांच्या ढिगाऱ्यात आजची लेंडी कोणती हे ओळखायला कुणालाही जमत नाही.

दुसरी खूण बसण्याची. दुखणारा ससा कोपऱ्यात पाठ उंचावून, पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धवट मिटून बसतो, नाहीतर सारखी जागा बदलत पोट फरशीला दाबतो. दातांचा आवाज ऐकून ठेवावा. कपाळ खाजवताना येणारा बारीक, भरभर आवाज सुखाचा. एकट्याने बसून दात मोठ्याने, थांबून थांबून करकरावणं हे दुखण्याचं. आणि कोथिंबिरीची काडी नाकाशी धरावी. ढुंकूनही बघितलं नाही तर बहुधा पोट. आवडीने पुढे आला, काडी तोंडात घेतली आणि टाकून दिली, किंवा हनुवटीखालचे केस लाळेने ओले दिसले, तर दात. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. मागच्या दाढांना घासायला गवत मिळालं नाही तर त्यांना धारदार टोकं येतात आणि ती जिभेला, गालाला चिरतात. घरी तोंड उघडून ती दिसत नाहीत. डॉक्टरांकडचं यंत्र लागतं.

यानंतर थर्मामीटर. डिजिटल, टोकाला व्हॅसलीन लावून, गुदद्वारात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सियस, म्हणजे १०१.३ ते १०४ फॅरनहाइट. आपल्याला १०२ दिसलं की ताप वाटतो. सशाला तो ठीकठाक असण्याचा आकडा आहे. ३८ च्या खाली गेलं असेल तर तो ससा गार पडत चालला आहे, आणि गार सशाला भरवायचं नसतं, आधी ऊब द्यायची. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून कुशीला लावावी. नको वाटलं तर त्याला बाजूला सरकता आलं पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा असतो. सशाला घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याने फारसं साधत नाही. तो उष्णता कानांतून बाहेर टाकतो. ४०.५ च्या वर गेलं तर कान साध्या गार पाण्याने ओले करावेत, बर्फाच्या नव्हे, शहाबादी फरशीवर ठेवावं आणि थेट दवाखाना गाठावा.

एका प्रसंगात मात्र घरी काहीही भरवू नये. तासाभरापूर्वी उड्या मारणारा ससा अचानक आडवा झाला, पोट हाताला फुगलेलं आणि टणक लागतंय, कान गार: हे आतडं मंदावणं नाही, बहुतेक अडकणं आहे. केसांचा घट्ट पुंजका किंवा कुरतडलेल्या गालिच्याचा धागा पुढच्या आतड्यात अडकला की वरून भरवलेलं जठर ताणत जातं. हे एक्स-रेवर कळतं, आणि रक्तातल्या साखरेवरूनही बरंच कळतं. साखर ३६० मिलिग्रॅमच्या वर असली तर डॉक्टर अडथळ्याच्या दिशेने विचार करतात. साध्या मंदावण्यात ती एवढी चढत नाही. आतडं हलवणारी औषधंही अशा वेळी घातक. ‘गेल्या वेळी दिलेलं उरलंय’ म्हणून कपाटातली बाटली काढायची नाही ती याचसाठी.

पोट मऊ आहे, अंग गरम आहे, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर भरवणं सुरू. आजारी सशांसाठीची तयार पावडर मिळते; मध्यरात्री ती हाताशी नसली तर त्याच्या नेहमीच्या पेलेट (दाबून गोळ्या केलेलं तयार खाद्य) एक माप आणि दोन मापं कोमट पाणी, पंधरा मिनिटं भिजवून, कुस्करून, चहाच्या गाळण्यातून काढावं. घट्ट वाटलं तर पाणी वाढवायचं. दिवसाचं प्रमाण वजनाच्या दर किलोला साधारण ५० मिलिलिटर. दोन किलोच्या सशाला १००, म्हणजे वीस-वीस पाच वेळा. पहिल्या खेपेला पाच-दहावर थांबलेलं बरं. एक मिलिलिटरच्या सिरिंजचं अरुंद टोक कापून कड कानशीने गुळगुळीत केली की ती तुंबत नाही.

ससा टॉवेलात गुंडाळायचा, मागचे पाय आत, ढुंगणाला हाताचा आधार. ही काळजी उगाच नाही. सशाचे मागचे पाय ताकदवान आणि हाडं हलकी. अधांतरी जोरात झाडलेली लाथ त्याचाच कणा मोडू शकते. उताणं तर कधीच धरायचं नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज घालून अर्धा मिलिलिटर सोडायचं आणि थांबायचं. तो चावेल, गिळेल, मग पुढचं. पिचकारी मारली की अन्न श्वासनलिकेत जातं आणि पोटाच्या दुखण्यात न्यूमोनियाची भर पडते. धीर सुटलेल्या माणसाने सिरिंज दुसऱ्याच्या हातात द्यावी, हे मी वैद्यकीय सल्ल्याइतकंच महत्त्वाचं मानतो. शेवटी हनुवटी ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर तिथली कातडी सोलवटते.

मधल्या वेळात पाण्याची बाटली असली तरी शेजारी पसरट वाटीही ठेवावी, आणि कोथिंबीर, पुदिना, तुळस, गाजराचा पाला निथळता ओला करून पुढे करावा. पानाबरोबर पाणी जातं. पिंजऱ्यात कोंडू नये. खोलीत चार पावलं चालला तर आतड्यालाही चालना मिळते. आणि घरगुती माया आवरावी: दही, ग्लुकोजचं पाणी, गूळ, दुधात भिजवलेली पोळी यांतलं काहीही नको. सगळ्यांत मोठा धोका औषधांच्या डब्यात असतो. लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप बहुतेक घरांत सापडतं. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिनच्या कुळातलं औषध किंवा क्लिंडामायसिन उंडुकातले उपयोगी जिवाणू मारतं, तिथे विष तयार होतं, आणि मूळ आजारातून वाचला असता असा ससा त्याने जातो.

दवाखान्यात साधारण तीन गोष्टी होतात: वेदनाशामक, कातडीखाली सलाइन, आणि अडथळा नाही याची खात्री झाल्यावर आतडं हलवणारं औषध. यांत वेदनाशामकाला कमी लेखू नये. दुखणं थांबल्याशिवाय ससा तोंड उघडत नाही. डोस डॉक्टरांचाच, कारण कुत्र्याच्या बाटलीवरचं माप सशाला लागू पडत नाही. अडचण एवढीच, की कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली, सशाचे मोजके. ससा धडधाकट असतानाच एक फोन करून विचारावं, ‘नसबंदीच्या ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं?’ उत्तर ‘रात्रीपासून’ असं आलं तर नम्रपणे दुसरा नंबर शोधावा. ज्याला उलटीच होत नाही त्याला ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं कारण नाही. जवळपास कुणीच नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने ध्यानात ठेवावेत.

ससा खायला लागला म्हणजे प्रकरण मिटलं असं होत नाही. आतडं कशाने थांबलं ते शोधावं लागतं. दाढा, लघवीतला खडा, नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयातली गाठ (वयाच्या चौथ्या वर्षानंतर ही फार आढळते), दिवाळीतले सुतळी बॉम्ब, नाहीतर नवी पेलेट एका दिवसात बदलणं. पण बहुतेक घरांत कारण ताटलीतच असतं: गाजर, बिस्किट, मुरमुरे, पेलेट भरपूर, आणि गवत शोभेपुरतं. प्रमाण उलटं हवं. रोज त्याच्या अंगाएवढा वाळल्या गवताचा ढीग, आणि पेलेट वजनाच्या किलोमागे पंचवीस ग्रॅमच्या आत. परदेशी टिमोथी गवत परवडत नसेल तर वाळवलेला ओट, मारवेल किंवा हरळी चालते, फवारणी नसलेली आणि बुरशीचा वास न येणारी. पावसाळ्यात गवताची पिशवी रोज हुंगावी. लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना. मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जड जातं. कोवळ्या ज्वारीचा हिरवा पाला मात्र नकोच, त्यात सायनाइड तयार होतं. गुराखी आपली जनावरं त्या शेतापासून लांब ठेवतात ती उगाच नाही.

घरात सशांची जोडी असेल तर दवाखान्यात दोघांनाही एकाच टोपलीत न्यावं. एकट्याने गेलेला परत येतो तो स्पिरिटचा वास घेऊन, आणि घरी राहिलेला त्याला ओळखत नाही. दोघं भांडतात, चावतात, आणि नुकता खाऊ लागलेला पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसतो. टोपलीत जुनी, न धुतलेली चादर घालावी आणि मूठभर गवत. वाटेत कुणी काडी ओढली तर ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी.