एसईयू सोडा असं मी का म्हणतोय

आमच्या एएस/४०० (आयबीएमचा जुना बिझनेस सर्व्हर, त्याची सिस्टिम आता आयबीएम आय म्हणतात) वाल्यांमधे हा वाद वर्षानुवर्षं चालूच आहे, कोड लिहायला टर्मिनलच्या हिरव्या स्क्रीनवर पीडीएम-एसईयू (प्रोग्रॅमची यादी आणि त्यातून उघडणारा जुना एडिटर) वापरायचं की आरडीआय (आयबीएमचा विकतचा नवा एडिटर) किंवा व्हीएस कोड. पुण्यात सपोर्टची कामं करणारी बरीच सीनियर मंडळी अजून एसईयूवरच आहेत, आणि त्यांचा हात चालताना बघितला की का ते कळतं. मेंबरसमोर (म्हणजे यादीतल्या एका सोर्ससमोर) २ टाकून एंटर, ब्लॉकच्या वर-खाली सीसी, हवं तिथे ए, झाला ब्लॉक कॉपी, बाहेर येऊन १४ टाकला की कंपाइल जॉब गेलासुद्धा. रात्री बॅच जॉब अडकलाय आणि व्हीपीएन रखडतंय, तेव्हा ५२५० (त्याच हिरव्या स्क्रीनच्या) सेशनइतकं पटकन दुसरं काही उघडत नाही, हे शंभर टक्के मान्य.

पण मुद्दा स्पीडचा नाहीये. आरपीजी, म्हणजे आमची प्रोग्रॅमिंगची भाषा, पुढे गेली आणि एसईयू मागे राहिला. आयबीएमने ऑपरेटिंग सिस्टिमच्या २००८ च्या ६.१ रिलीजनंतर एसईयूला नवीन काही शिकवलंच नाही. २००१ मधे कॅल्क्युलेशन्स फ्री फॉर्ममधे (ठरलेल्या कॉलमांशिवाय) लिहिता यायला लागली, ती त्याला कळतात, पण २०१३ मधे ७.१ ला डेफिनिशन्सपण (व्हेरिएबल वगैरे जाहीर करणं) फ्री झाली ती नाही कळत. एखादा नवीन मुलगा कॉलेजमधून येतो, मेंबर उघडून डीसीएल-एस (व्हेरिएबल जाहीर करायची नवी पद्धत) टाइप करून एंटर मारतो, लगेच ती ओळ उलट्या रंगात आणि खाली एरर. कोड बरोबर आहे, कंपाइलर निमूट घेतो, फक्त एडिटरला माहीत नाही. मग कुणीतरी सांगतं की एफ१३ मधे जाऊन सिंटॅक्स चेकिंग बंद कर, म्हणजे आता खऱ्या चुकापण कंपाइल झाल्यावर स्पूल फाइलमधेच (कंपाइलच्या रिपोर्टमधेच) कळणार. नाहीतर दुसरा सल्ला मिळतो, जुन्या डी-स्पेकमधेच (ठरलेल्या कॉलमांत) लिही ना, काय बिघडतं. इथेच मला राग येतो. आपण कुठली आरपीजी लिहायची हे एडिटरने का ठरवायचं?

आता शोधाशोध बघा. काही हजार ओळींचा इन्व्हॉइसिंगचा प्रोग्रॅम, २४ ओळींची स्क्रीन, त्यात हेडर आणि खालच्या फंक्शन कीज गेल्या की कोड विसाच्याही आत दिसतो. एक फील्ड कुठे कुठे बदलतं हे शोधायला एफ१४ (शोध), मग एफ१६ (पुढचा), एफ१६, एफ१६... आणि फाइलमधून आलेली फील्ड्स तर सोर्समधे नसतातच, त्यासाठी दुसरं सेशन उघडा. आरडीआयच्या आउटलाइनमधे तीच फील्ड्स फाइलखाली लेंग्थसकट दिसतात, शेजारी वापराच्या सगळ्या ओळी, क्लिक केलं की तिथे. दुसऱ्याचा पंचवीस वर्षं जुना कोड वाचणं हेच तर आपलं निम्मं काम आहे, त्यासाठी हे टूल हवंच. डीबगिंगला सर्व्हिस एंट्री पॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) लावला की युजरने प्रोग्रॅम चालवल्यावर तो तिथे थांबतो, जॉब नंबर शोधत बसायला नको.

सीनियर लोकांची एक तक्रार मात्र अगदी रास्त आहे, ओळीच्या उजवीकडची बदलाची तारीख. सोर्स आयएफएसमधे (सर्व्हरवरच्या साध्या फोल्डर-फाइल्समधे) हलवून गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) लावलं की ती जाते. पण त्याबदल्यात गिट तारखेबरोबर कुणी बदललं आणि कशासाठी तेपण सांगतं, अर्थात कमिट मेसेज (बदलाबरोबरची नोंद) नीट लिहिला तर. आणि स्क्रीनवर एखादं फील्ड दोन कॉलम सरकवायचं असेल तर मी आजही एसडीए (स्क्रीन आखायचं जुनं टूल) उघडतो, त्यात काही वावगं नाही.

आरडीआयच्या लायसन्सचा खर्च मॅनेजरला पटवणं अवघड जातं, हे खरंय. पण आता ते कारणपण उरलं नाही, कारण कोड फॉर आयबीएम आय हे लियम अ‍ॅलनने सुरू केलेलं व्हीएस कोडचं एक्स्टेंशन ओपन सोर्स आहे, फुकट. अ‍ॅडमिनला सांगून सर्व्हरवर एसएसएच (लांबून सुरक्षित जोडणी) चालू करून घ्या, एक्स्टेंशन टाका, तुमच्या लायब्ररी लिस्टमधे (प्रोग्रॅम-फाइल्स कुठे शोधायच्या त्या यादीत) डेव्हलपमेंट लायब्ररी लावा आणि पहिले काही दिवस फक्त कोड वाचायला वापरा, एडिट हवं तर एसईयूमधेच करा. अडलं तर खाली कमेंटमधे विचारा, मी जमेल तसं उत्तर देतो.