डिकीतली लाकडं आणि आमच्या गावची राई

लेबर डेच्या सुट्टीत इथे अमेरिकेत, मिनेसोटातल्या इटास्का स्टेट पार्कला जाऊन आलो, तीन रात्री तंबूत, आणि यंदा बाबा सोबत होते. तळ्याचं, सायकलिंगचं सांगेन, पण आधी लाकडांचं सांगते कारण ते अजून डोक्यातून जात नाहीये.

आमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी वठलेलं झाड तोडलं आणि ओंडके आम्हाला दिले. बाबा सिंधुदुर्गातले, रिकामे बसवत नाही त्यांना, रोज थोडी थोडी लाकडं फोडून सुंभाने बांधून ठेवली. निघताना चार मोळ्या डिकीत. चार तास ड्राइव्ह करून पोचलो तर ऑफिसमधल्या बाईंनी पहिलं विचारलं, लाकडं आणलीत का? म्हटलं हो, घरचीच आहेत. तर म्हणाल्या, ती इथे जमा करा, आत नेता येणार नाहीत.

मला रागच आला. वडिलांच्या हाताची लाकडं हो! आणि पार्कातलं खाली पडलेलं लाकूडही उचलायचं नाही, शिक्का मारलेली, मान्यता असलेलीच विकत घ्यायची. पण त्या बाईंनी काउंटरखालून सालीचा एक तुकडा काढून बाबांच्या हातात दिला. आतल्या बाजूने नागमोडी रेघा, कोणीतरी नखाने कोरल्यासारख्या. एमराल्ड अ‍ॅश बोररच्या अळीचं काम. चकचकीत हिरवा, बोटाच्या पेराएवढाही नाही असा भुंगेरा, मूळचा चीनकडचा. 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला, 2009 ला आमच्या मिनेसोटात. अळी सालीखालचा अन्नपाणी वाहणारा थर खाते आणि अख्खं अ‍ॅशचं झाड उपाशी मरतं. भुंगेरा स्वतः उडून फार लांब जात नाही, त्याला लांब नेतो तो लाकडं गाडीत घालून फिरणारा माणूस.

बाबा बराच वेळ ती साल बोटाने चाचपत होते. मग म्हणाले, "अगो, आपल्या राईतली काडी तरी कोण आणता काय घराक?" आणि खरंच की! राई म्हणजे गावाने देवासाठी राखलेलं रान, तिथली वाळलेली फांदीसुद्धा कोणी उचलत नाही, वर्षानुवर्षं, पहारेकरी नाही की पावती नाही. इटास्का पार्क 1891 चा, राज्यातला सर्वांत जुना, आणि इथे त्याचा केवढा अभिमान, तो असावाच, पण आमच्या राया त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत हे मला इथे लिहायचंच होतं. पवना धरणाच्या काठावर तंबू ठोकून लोक बाटल्या टाकून जातात ते मला माहितीये, कृपया सांगू नका, पण तेवढाच काही आपला देश नाही.

बाकी मजा आली. वाइल्डरनेस ड्राइव्हची 16 मैलांची फेरी सायकलवर, दोन्ही बाजूंना उंच पाइन, शेवटच्या चढाला लेकीने सायकल हातात धरून नेली. मिनेसोटात राहणाऱ्यांना बहुतेक स्टेट पार्कांत काठावरून गळ टाकायला लायसन लागत नाही, त्यामुळे लेक नि नवरा सकाळी सहाला तळ्यावर. तळहाताएवढा सनफिश लागला, बाबा म्हणाले पिल्लू आहे, सोड. लेकीने हात ओला करून अलगद गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडला.

मिसिसिपी नदी याच तळ्यातून निघते. इथे गुडघाभर पाणी, दगडांवर पाय देत पलीकडे जाता येतं, नि पुढे ती 2,300 हून जास्त मैल वाहत समुद्राला मिळते. बाबांनी चपला काठावर काढल्या, मधोमध उभं राहून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. मागे रांग लागली होती पण कोणी घाई केली नाही.

घरी आलो त्याच संध्याकाळी बाबा गॅरेजमध्ये उरलेली लाकडं घेऊन बसले, एकेकाची साल सुरीने सोलत. तासाभराने मला हाक मारली. दोन तुकड्यांवर त्याच नागमोडी रेघा होत्या. शेजाऱ्यांना विचारलं, झाड अ‍ॅशचंच होतं. आता ती लाकडं आमच्याच अंगणात जाळतोय, बाबा गावी परत जायच्या आत सगळी संपवायची आहेत.