केलाँगचा पैसा येतो कुठून?

बँकेने केलाँगला बदली केली तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "अगं, तिथे खातेदार तरी आहेत का?"

आहेत, आणि भक्कम आहेत. केलाँग हे हिमाचलातल्या लाहौल-स्पितीचं जिल्ह्याचं ठिकाण. जिल्हा 13,841 चौरस किलोमीटरचा आणि 2011च्या जनगणनेत माणसं 31,564. आमच्या कराड शहरातच याहून जास्त लोक राहतात. पण जिल्हा म्हटला की डीसी (म्हणजे कलेक्टर) ऑफिस, ट्रेझरी, कोर्ट सगळं आलंच. एक तारखेच्या पगारावर इथला बाजार चालतो.

दुसरा पैसा मटाराचा. खालच्या मैदानात मटार संपलेला असतो तेव्हा, जुलै-ऑगस्टात, लाहौलचा निघतो; म्हणून दिल्लीत भाव मिळतो. पाऊस नावालाच. शेती बर्फाच्या पाण्याच्या पाटांवर, त्यामुळे हिवाळ्यात बर्फ कमी पडलं की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. तोडणीला नेपाळी मजूर. त्यांच्या पैसे पाठवायच्या स्लिपा भरून देताना माझा जेवणाचा डबा तसाच राहतो.

मनालीहून लाहौलात येणारा अटल टनेल 3 ऑक्टोबर 2020ला सुरू झाला. त्याआधी वाटेतली रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की महिनोन् महिने गाव कोंडलेलं. समोरचा किराणावाला कुरकुरतो, "मॅडम, पूर्वी लोक ऑक्टोबरात पोत्यांनी पीठ-तांदूळ न्यायचे. आता सगळं मनालीहून आणतात, माझ्याकडे माचिस मागायला येतात." पर्यटकांनाही ते जुनं, जगापासून तुटलेलं केलाँग हवं असतं. त्यांनी आजारी माणूस घेऊन हेलिकॉप्टरची वाट बघितलेल्या घरात जाऊन विचारावं.

टनेलने स्पितीचं मात्र काहीच सोपं केलं नाही. लाहौल आणि स्पितीमधली कुंजुम खिंड हिवाळ्यात बंदच असते. तेव्हा स्पितीतल्या काझाच्या माणसाचं केलाँगला काम निघालं, तर त्याने किन्नौरमार्गे खाली उतरून, कुल्लू-मनाली करत पुन्हा वर यायचं. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी!

सध्या माझ्या टेबलावर होमस्टेच्या कर्जाचे अर्ज साचलेत. सिस्सूकडचे समजू शकते, ते टनेलच्या तोंडाशी आहेत. केलाँगला पर्यटक येतो तो लेहला जाताना रात्रभर पाठ टेकायला, आणि तो रस्ताही बारालाचा खिंडीतल्या बर्फाने हिवाळ्यात बंद. त्याच्या भरवशावर मटाराच्या शेतात खोल्या बांधायला निघालेल्यांना मी आधी मागच्या तीन हंगामांच्या मटारविक्रीच्या पट्ट्या घेऊन यायला सांगते.